दोन खाचांमधली ओळ

४ जून

चि. खारीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे क्षेम. तुझं क्षेम ताईकडून कळतं, पण ताई चांगलं तेवढं सांगते आणि बाकीचं गिळते, तेव्हा खरं काय ते तूच कळवत जा.

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. मला तुझ्याकडून प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे. आता हसून घे. तुझी मामी कालपासून हसतेय. म्हणते, जो माणूस टीव्हीचा रिमोट उलटा धरतो तो आता संगणकाला हुकूम सोडणार.

गोष्ट अशी आहे. कारखान्यात आमच्या शॉपमधल्या हाताने चालवायच्या लेथ भंगारात निघाल्या. त्यांच्या जागी संगणकावर चालणारं एक मशीन आलंय, अजून त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. त्याला चाकं फिरवणारा माणूस लागत नाही, सूचना लिहून देणारा लागतो. ओळीखाली ओळ लिहायची, ते वाचतं आणि तसं लोखंड कापतं. जुन्यांपैकी बाकीच्यांनी मुकाट्याने पॅकिंगमध्ये बदली घेतली. उरलो दोघे, मी आणि पैलवान. मशीनवर जागा एकाचीच. महिनाभर वर्ग, शेवटी परीक्षा. ज्याचा जॉब, म्हणजे कापून काढलेला तुकडा, नीट उतरेल तो मशीनवर, दुसरा पॅकिंगमध्ये खोक्यांना खिळे ठोकायला. तपासणीतल्या बाईसुद्धा वर्गाला बसतात, पण त्यांना परीक्षा नाही, त्यांची जागा पक्की आहे. सगळे त्यांना मायक्रोमीटर म्हणतात, कारण केसाएवढा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

पैलवान तुला आठवत असेल. लहानपणी तू त्याला विचारलं होतंस की पैलवान असून तुम्ही एवढे काटकुळे कसे, आणि तो म्हणाला होता की आमची कुस्ती आतल्या आत चालू असते. आमच्या दोघांच्या लेथ शेजारी शेजारी. हात त्याचा माझ्याहून चांगला, हे मी कधीही कबूल करीन. आमच्यात एक रीत आहे. जॉब चकच्या जबड्यात आवळला की शेजाऱ्याने येऊन नजर फिरवायची आणि बघितलं म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आम्हा दोघांची सगळी बोटं शाबूत आहेत ती या रीतीमुळे आणि देवाच्या दयेने.

वर्गातले मास्तर तुझ्याच वयाचे आहेत आणि तुझ्याच वेगाने बोलतात. ते बोलतात तोवर कळतं. फळा पुसला की माझंही डोकं पुसलं जातं. फोनवर तेच होईल. म्हणून पत्राने शिकव. गावच्या शाळेत आम्हाला असंच शिकवलं, आधी वाच, मग पुस्तक पालथं ठेव, मग सांग. मला तेवढंच जमतं.

शिष्यावर दया कर. भाचीचा लोभ गृहीत धरलेलाच आहे.

तुझा,
मामा


९ जून

ती. मामास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसात आलं आणि अख्ख्या मजल्याने पाकीट हाताळून पाहिलं. एकाने मला विचारलं की हे उघडायचं कसं. तेव्हा मी हसले ते तुझ्यावर नाही, हे मामीला सांग.

धडा पहिला. संगणक हुशार असतो ही अफवा आहे. तो सांगितलेलं सगळं ऐकतो आणि त्याला समजत काहीच नाही. त्याला आवड नाही, सवय नाही, कंटाळा नाही. तू जेवढं लिहिलंस तेवढंच जग त्याच्यासाठी आहे. माणसाशी बोलताना आपण निम्मं बोलतो आणि निम्मं समोरचा भरून घेतो. इथे समोरचा काही भरत नाही.

बाकी तीनच गोष्टी आहेत. एक डबा, त्याच्यावर नाव लिहिलेलं, आत एक आकडा. उदाहरणार्थ खोली नावाचा डबा, त्यात खाचेची खोली. दुसरी गोष्ट, जर. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते. तिसरी, पुन्हा पुन्हा. तेच काम किती वेळा करायचं ते सांगायचं, आणि कितवी वेळ आहे हे मोजायला आणखी एक डबा ठेवायचा. मोजायला लागण्याआधी तो रिकामा करायचा, नाहीतर मागच्या मोजणीचा गाळ त्यात असतो. माझा पगार या तीन गोष्टींवरच चालतो, पण हे ऑफिसात कुणाला सांगू नकोस.

गृहपाठ: जगमधून पेल्यात पाणी कसं ओतायचं ते ओळीओळीने लिही आणि मामीला करायला सांग. मामीला माझी शपथ घाल की लिहिलंय त्याच्या बाहेरचं काही करायचं नाही.

आणि हे पत्र पैलवानमामांनाही दाखव. दोघं मिळून करा. आपलं आपण वाचलं तर आपली चूक आपल्याला दिसत नाही. आमच्या कामातही एकमेकांचं वाचल्याशिवाय काही पुढे जात नाही. तुमची रीत ऐकून मला आपलीच माणसं भेटल्यासारखं वाटलं.

रागवायची मुभा आता मला आहे, लाडाची तुला.

तुझी,
खार


१६ जून

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद. गृहपाठ केला. मी लिहिलं होतं, जग उचल, पेल्यावर तिरका कर, पाणी ओत. मामीने जग उचलला, तिरका केला आणि ओतत राहिली. पेला भरला, टेबल भरलं, माझ्या चपला भिजल्या. मी ओरडलो तर तिने शांतपणे कागदाकडे बोट दाखवलं. थांब असं कुठे लिहिलंय, असं विचारलं. वर म्हणाली, आजवर न सांगितलेलं सगळं केलं, आज सांगितलेलं तेवढंच केलं तर घरात पूर आला. मी मुकाट टेबल पुसलं.

पण खारे, मला यात गोडी लागली. सकाळी देवापुढे बसतो तेव्हासुद्धा मनात जर-तर चालू असतं. देवाला आपण जे मागतो तेही किती अर्धवट मागतो, असं परवा वाटून गेलं. तो बिचारा उरलेलं भरून घेतो म्हणून आपलं निभतं.

सोबत चौकटींच्या कागदावर माझा पहिला प्रोग्रॅम आहे. एक सळई, तिच्यावर दोन खाचा. कापायचं टूल आत घालून पहिली खाच पाडायची, मग डावीकडे सरकून दुसरी. परीक्षेत असाच जॉब येणार असं मास्तरांनी सुचवलंय. तू लेथ पाहिलेली नाहीस, तरी तुझ्या पद्धतीने वाचून बघ.

पैलवानाला तुझा नमस्कार सांगितला. पत्र दाखवायचं म्हणून खिशात नेलं होतं, पण जेवणाच्या सुट्टीत विषय दुसरेच निघाले. तो म्हणतो, या वयात डोक्याला नवीन दात यायला लागले की असंच ठणकणार. वर्गात तो माझ्यापेक्षा जरा पुढेच आहे.

शाबासकीची वाट पाहतोय. लोभ वाढता असू दे.

तुझा,
मामा


२१ जून

ती. मामास,

सा. न. वि. वि. शाबास. अक्षर सुंदर, आकडे बरोबर, आणि तुझं टूल तुटलं.

मी काय केलं ते सांगते. पुठ्ठ्याची सळई कापली, कागदावर ठेवली आणि पेन्सिलीला टूल केलं. मग तू लिहिलंस तेवढंच केलं. पेन्सिल खाचेत उतरली. पुढची ओळ म्हणते, वेगाने डावीकडे जा. गेले. पुठ्ठा फाटला, टोक मोडलं. मधे एक ओळ हवी होती, की आधी टूल खाचेतून बाहेर काढ.

मला लेथ येत नाही म्हणूनच ही चूक सापडली. तुला येते म्हणून ती झाली. खाच झाली की तुझा हात आपोआप मागे येत असणार. हात तुला विचारत नाही, म्हणून तुला सांगतही नाही, आणि लिहिताना ते राहून जातं. नवशिके चुकतात ते माहीत नसल्यामुळे. ही चूक मात्र फक्त मुरलेल्या माणसालाच करता येते. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, हा मान समज.

पैलवानमामांचा हात तुझ्याहून चांगला म्हणतोस ना? मग ते नेमके इथेच चुकणार. त्यांना आजच सांग. विषय दुसरे निघाले तर बाजूला सार.

माझ्याकडे काम फार आहे आणि जेवण वेळेवर होत नाही. हे आईला कळवायचं नाही, या अटीवर लिहिते आहे. आशीर्वाद पाठव, सोबत धीरही.

तुझी,
खार


५ जुलै

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद. परीक्षा झाली. माझा जॉब उतरला. मायक्रोमीटरबाईंनी मोजला आणि मान डोलावली. जागा मला मिळाली. सोमवारपासून मशीनवर आहे. हे सगळं तुझ्यामुळे.

पैलवानाचं टूल तुटलं. सळई चकमधून सुटली आणि मशीनच्या दाराच्या काचेला तडा गेला. कुणाला लागलं नाही. त्याला पॅकिंगमध्ये दिलंय.

मामी बरी आहे. तुझ्या जेवणाबद्दल ताईला बोललो नाही. आता धडे पाठवायची तसदी नको, काम शिकून झालंय. जपून राहा.

मामा


१० जुलै

ती. मामास,

सा. न. वि. वि. अभिनंदन. ऑफिसात मी पेढे... नाही, बिस्किटं वाटली आणि माझा विद्यार्थी पास झाला म्हणून सांगितलं. विद्यार्थी केवढा आहे ते सांगितलं नाही.

मग तुझं पत्र परत वाचलं. ते फार छोटं आहे. तू तर ख्यालीखुशाली लिहितानासुद्धा पान उलटतोस. शेवटी लोभ मागायलाही विसरलास.

एक विचारू? पैलवानमामांचं टूल कुठे तुटलं? दोन खाचांच्या मधे का? माझं २१ तारखेचं पत्र तुला उशिरा मिळालं असेल. पोस्टाचा भरवसा नाही, तसं झालं असेल तर तसं लिही, मी विश्वास ठेवीन.

वाट पाहणारी,
खार


१७ जुलै

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद. तू पळवाट उघडी ठेवलीस. मी ती वापरणार असं चार दिवस ठरवत होतो, दोनदा तसं पत्रही लिहिलं. फाडलं.

तुझं पत्र वेळेवर आलं. परीक्षेच्या कितीतरी आधी. मी ते वाचलं, माझी ओळ घातली, आणि पत्र कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलं. घरात पत्र लपवायचं कारण काय, हे स्वतःला विचारलं नाही. पैलवान रोज जेवायला माझ्या समोर बसायचा. अमुक कसं लिहायचं, तमुक कसं, असं विचारायचा, आणि त्याने विचारलेलं मी सगळं सांगायचो. तुझ्या पत्रातलं त्याने विचारलं नाही. न विचारलेलं कसं सांगणार, अशी मी मनाची समजूत घातली. शिवाय भाचीने मला शिकवलं, ही घरची गोष्ट, असंही म्हणून पाहिलं. मन असल्या वेळी वकील होतं.

परीक्षेच्या दिवशी मास्तर म्हणाले की मी कुणाचा कागद आधी वाचणार नाही, तुमची ती बघायची रीत मला आवडली, तीच इथे पाळा. म्हणून आम्ही कागद बदलले. पैलवानाने माझा वाचला. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचला. मी वेग पितळेचा लिहिला होता आणि सळई पोलादाची होती. त्याने ते दाखवलं, अरे टूल जाळशील की, म्हणाला, आणि आपलीच पेन्सिल दिली दुरुस्त करायला. मग बघितलं म्हणाला.

मी त्याचा कागद घेतला. खारे, मी पहिल्या ओळीपासून वाचला नाही. डोळे थेट दोन खाचांच्या मधे गेले. ओळ नव्हती. तू म्हणाली होतीस तसंच. मग मी वरपासून वाचल्यासारखं केलं, ओठ हलवले. वेळ भरपूर होता. पेन्सिल अजून माझ्याच हातात होती. आणि मी बघितलं म्हणालो.

टूल खाचेत गेलं आणि आतूनच डावीकडे धावलं. आवाज कसला होता ते लिहीत नाही. सळई उडून काचेवर आली तेव्हा त्याचा तळहात काचेच्या दुसऱ्या बाजूला टेकलेला होता. काच टिकली म्हणून तो तळहात आहे. जागेचा विचार मी केला होता. तळहाताचा केला नव्हता.

आता पुढचं ऐक, कारण खरं ते पुढेच आहे. तो सगळ्यांना सांगत फिरतो की चूक माझीच, म्हातारा झालो. आणि मला भेटला की म्हणतो, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्याही नजरेतून सुटली म्हणजे ती चूक तशी बारीकच असणार. त्याला धीर एवढ्याच गोष्टीचा आहे, की त्याच्यासारखंच मलाही दिसलं नाही. मी खरं सांगितलं तर तोही धीर जाईल. मग सांगावं की नको? हे मी देवाला विचारून बसलो. तो गप्प आहे. तो आधीही गप्पच असायचा, पण ते गप्प राहणं घरच्या माणसासारखं होतं. आताचं ऑफिसातल्यासारखं आहे. दिवा लावतो आणि पटकन उठतो.

मामीला सांगितलेलं नाही. तिने मात्र विचारलं की डबा हल्ली अर्धा का परत येतो, आणि पैलवान भांडला का.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागच्या वेळी राहिला. आजही राहू दे.

मामा


२३ जुलै

ती. मामास,

सा. न. वि. वि. हे पत्र मी रागात लिहिलं, मग राग उतरल्यावर परत लिहिलं. दोन्हीत फारसा फरक पडला नाही.

माझ्याकडून माफीची वाट पाहत असशील तर ती मला देता येत नाही. माझं काही गेलेलं नाही. ज्यांचं गेलं ते पॅकिंगमध्ये आहेत. मला लागलं ते एवढंच, की मी पुठ्ठा कापून, टोक मोडून जे शोधलं ते दोघांसाठी होतं, आणि तू ते कपड्यांखाली ठेवलंस. मीही त्यांचा पत्ता मागून त्यांना दोन ओळी टाकू शकले असते. मामा सांगेल, असं धरून चालले. समोरचा उरलेलं भरून घेईल असं धरायचं नाही, हे शिकवणारी मीच.

त्यांचा धीर जाईल म्हणतोस. मामा, तो त्यांचा धीर नाही, ते तुझं झाकण आहे. ते म्हातारे झाले असं सांगत फिरतात आणि तू ते ऐकून घेतोस. न झालेलं म्हातारपण तू त्यांच्या अंगावर घातलंस.

सांग त्यांना. घरी जाऊन सांग, कारखान्यात चार लोकांत नको. फिरवून सांगू नकोस. आणि एक कर, सांगताना रडू नकोस. तू रडलास तर ते उठून तुलाच समजावत बसतील, तेवढे ते चांगले आहेत, आणि मग तुझंच काम होईल, त्यांचं नाही.

त्यांचा पत्ता कळव. मला माझं वेगळं लिहायचं आहे.

लोभ तू मागितला नाहीस तरी आहे. तो काही तुझ्या वागण्यावर ठेवलेला नव्हता, आणि म्हणूनच हे सगळं लिहिता आलं.

तुझी,
खार


८ ऑगस्ट

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद. सांगितलं.

रविवारी दुपारी गेलो. तो अंगणात खुर्चीचा वेत विणत बसला होता. त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं आणि माझं तोंड पाहून आत निघून गेली. फिरवलं नाही. रडलो नाही. तो विणत राहिला. सगळं संपल्यावर त्याने दोनच गोष्टी विचारल्या. ती ओळ नेमकी कोणती, आणि पत्र कधी आलं होतं. सांगितलं. मग वेत खाली ठेवला आणि म्हणाला, आता घरी जा. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, मशीन चालू झालंय, माल निघतोय, झालं गेलं ते झालं. मन हलकं करायचं असेल तर देवळात जा, ऑफिसात कशाला येता. मी म्हणालो की या मशीनवर मी उभा राहू शकत नाही, पैलवानाची परीक्षा परत घ्या. ते म्हणाले तुम्हाला नको तर नको, आणि मायक्रोमीटरबाईंना मशीनवर घेतलं. परीक्षेशिवाय. बाई चांगलं काम करतात, त्यांना दोष नाही. पण मला वाटलं होतं की मी बाजूला झालो की जागा त्याची. जर मी नाही, तर तो. साहेबांच्या डोक्यातलं ‘नाहीतर’ वेगळंच होतं, आणि ते मी विचारून घेतलं नव्हतं.

म्हणून आता मीही पॅकिंगमध्ये आहे. टेबल एकच, तो पलीकडे, मी अलीकडे. बोलत नाही. मी पुढे केलेली हातोडी तो घेत नाही, उठून दुसरी आणतो. मला वाटलं होतं खरं बोललं की काहीतरी जागेवर येईल. आलं एवढंच, की सकाळी देवापुढे बसतो आणि पटकन उठावंसं वाटत नाही. पण हे माझं झालं. त्याचं काय झालं? त्याला काहीच परत मिळालं नाही, वर मी डोळ्यांसमोर.

त्याचा पत्ता खाली लिहिला आहे. मी वाचणार नाही, विचारणार नाही.

तुझ्या लोभावर हल्ली फार भिस्त आहे, तो सांभाळून ठेव.

तुझा,
मामा

ता. क. मामी लिहिते आहे. मलाही सांगितलं त्यांनी. मी रागावले आहे, पण वाढते वेळेवर. तू जेवत नाहीस हे मला कळलं, कसं ते विचारू नकोस. जेव.


१९ ऑगस्ट

चि. खार,

(तुझं दुसरं नाव मला ठाऊक नाही, असेल तर माफ कर.) पैलवानाचे आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा उलटसुलट होईल.

तुझं पत्र मिळालं. तू क्षमा मागितलीस ती परत घे, ती तुझ्याकडून यायचीच नव्हती.

तुझा मामा साधा आहे. त्याला वाटलं जागा सोडली की ती चालत माझ्याकडे येईल. इतकी वर्षं कारखान्यात काढून साहेब माणूस त्याला कळला नाही. आता मशीनवर बाई, आणि आम्ही दोघं खोक्यांशी. आधी निदान त्याचं तोंड दुसऱ्या शेडमध्ये होतं, आता दिवसभर समोर. खाली मान घालून खिळे ठोकतो, जसा काही शिक्षेला बसलाय. त्या शिक्षेत त्याला बरंही वाटत असावं. मला ते बघवत नाही. माझी बायको म्हणते, बोलून मोकळे व्हा. मी म्हणालो, मोकळं कुणाला व्हायचंय.

मला राग कशाचा आला ते लिहितो, कारण तू विचारलंस आणि दुसरं कुणी विचारलं नाही. मशीन गेलं त्याचा कमी. त्या दिवसापासून मी माझ्या हाताला दोष देत होतो. ज्या हाताने आयुष्यभर टूल आत-बाहेर केलं तोच हात एवढं कसं विसरला, असं वाटायचं. चहाचा कप उचलतानाही मी हाताकडे बघायचो. आणि हे सगळं माहीत असून तो माझ्यासमोर बसून जेवत होता. तुझ्या पत्रातून कळलं की हात विसरला नव्हता, उलट हाताला फार पाठ होतं. हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. तुझ्या मामाला ते वाक्य माहीत होतं.

असो. बाई सांगत होत्या की वर्ष संपताना दुसरं मशीन येणार आहे आणि साहेबांना माणूस लागेल. मला शिकायचं आहे. अगदी पहिल्या धड्यापासून शिकव. माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावर पाठव. त्याच्याकडची पत्रं मी मागून घेणार नाही.

शिकायचं त्यानेही सोडलेलं नाही. खोक्याच्या फळीवर पेन्सिलीने ओळी लिहितो आणि मी पाहिलं की फळी उलटी करून ठोकतो. काल उलटी करायला विसरला. किती खोकी झाली ते मोजायचं काहीतरी लिहिलं होतं. मोजणी पुन्हा सुरू करायच्या आधी आकड्याचा डबा, तुझा मामा त्याला डबाच म्हणतो, रिकामा केला नव्हता. दुसऱ्या फेरीला सगळे आकडे चुकणार होते.

मला दिसलं. तो माझ्याकडे बघत होता. मी काही बोललो नाही, हातोडी ठेवली आणि सुट्टी झाली म्हणून घरी निघून आलो. ताट अर्धं ठेवलं आणि तुला लिहायला बसलो. उद्या सांगेन की नाही, ते अजून माझं ठरलेलं नाही.

तुझा थोडा लोभ माझ्यासाठीही काढून ठेव. त्याच्या वाटचा नको, वेगळा.

पैलवान